सुवर्णगरुडध्वज : भिवंडी प्रांतांतील एका राजचिन्हाची चिकित्सा

भिवंडी तालुक्यांतील भादाणें हें गांव शिलाहार राजा अपराजित यानें शके ९१९ म्हणजे इ. स. ९९७ या वर्षीं लोणादित्य नांवाच्या सूर्यदेवास दान दिलें. या दानाचा ताम्रपट कीलहॉर्न यांनीं एपिग्राफिया इंडिकाच्या तिसऱ्या खंडांत छापला, आणि वा. वि. मिराशी यांनीं शिलाहारांच्या लेखांचा जो संग्रह १९७७ सालीं प्रसिद्ध केला त्यांत त्याचा पुन्हां समावेश झाला. लोणादित्याचें देऊळ ज्या लवणेतट गांवीं होतें तें आजचें लोनाड होय. भिवंडी, कल्याण व ठाणें या टापूंत फिरणाऱ्या संशोधकास या राजवंशाचे लेख पावलोपावलीं भेटतात, आणि त्यांतील लांबलचक बिरुदावलींत 'तगरपुरपरमेश्वर', 'जीमूतवाहनान्वयप्रसूत' या बिरुदांच्या जोडीला 'सुवर्णगरुडध्वज' हें एक बिरुद ठरल्यासारखें येतें. ताम्रपटांच्या कड्यांवरील मुद्रांतही मनुष्याकृति गरुड असतो. हा गरुड शिलाहारांकडे आला कोठून, आणि इ. स. ९९७ सालीं तो मिरविण्याचा अर्थ काय, या प्रश्नांचीं जीं उत्तरें रूढ झालीं आहेत तीं तपासून पाहण्याचा येथें हेतु आहे. आपल्याकडे राजचिन्हांचा अर्थ लावण्याची हौस मोठी. पण तो कोणत्या पुराव्यानें लावावा याविषयींचा विचार मात्र फारच थोडा झाला आहे.

प्रथम शब्दांचा निर्णय केला पाहिजे. प्राचीन लेखांत ध्वज, लांछन व मुद्रा हे तीन शब्द येतात आणि ते एकमेकांबद्दल वापरलेले नसतात. गोव्याच्या कदंबांचें लांछन सिंह, परंतु त्यांच्या ध्वजावर वानर. सौंदत्तीच्या रट्टांचें लांछन सिंदूर, ध्वज मात्र सुवर्णगरुडाचा. मान्यखेटच्या राष्ट्रकूटांचें लांछन गरुड, पण त्यांच्या ध्वजाचें नांव 'पालिध्वज'. हा पालिध्वज म्हणजे काय याचा उलगडा के. बी. पाठक यांनीं जिनसेनाच्या आदिपुराणावरून केला. माला, वस्त्र, मयूर, कमल, हंस, गरुड, सिंह, वृषभ, हत्ती आणि चक्र अशा दहा प्रकारच्या ध्वजांची प्रत्येकीं १०८ याप्रमाणें एकेका दिशेस लावलेली जी ओळ, ती पालि. एका दिशेस १०८० आणि चार दिशांस मिळून ४३२०. जिनसेन हा अमोघवर्षाचा समकालीन व त्यास वंद्य असल्यामुळें हा पुरावा बाहेरचा म्हणतां येत नाहीं. राष्ट्रकूटांचा ध्वज म्हणजे एक कापड नसून ध्वजांची एक रांगच होती, आणि गरुड हा त्या रांगेंतील दहांपैकीं एक होता, एवढें यांतून निश्चित होतें.

फ्लीट यांनीं कर्नाटकांतील राजघराण्यांच्या इतिहासांत ध्वज व लांछन यांतील भेद काळजीपूर्वक पाळला, हें त्यांचें श्रेय. तथापि लांछनास त्यांनीं 'क्रेस्ट' हा युरोपीय कुलचिन्हशास्त्रांतील शब्द लावला आणि त्याबरोबर त्या शास्त्रांतील एक गृहीत गोष्टही आमच्या अभ्यासांत शिरली. ती अशी कीं, चिन्ह हें कुळाचें असतें, तें बापाकडून मुलाकडे जातें, आणि त्याचा अर्थ त्या कुळाच्या मूळकथेंत शोधावा. आमच्या लेखांतील चिन्हें पुष्कळदां कुळाचीं असतात हें खरें. पण तीं पदाचीं असतात, वरिष्ठानें दिलेल्या मानाचीं असतात, आणि क्वचित् केवळ दाव्याचींही असतात. शिलाहारांच्या गरुडाविषयींचा सारा घोटाळा याच गृहीतांतून उत्पन्न झाला आहे.

'सुवर्ण' या विशेषणाकडेही लक्ष द्यावयास हवें. सोन्याचा गरुड हा काठीच्या टोंकावर बसविलेला धातूचा पक्षी असावा, असें समजण्यास गुप्तांच्या नाण्यांचा आधार आहे. त्या नाण्यांवर राजासमोर जो गरुडध्वज दिसतो तो एक दंड असून त्याच्या शिरावर पक्षी बसलेला आहे. कापडाच्या मध्यभागीं रंगविलेला गरुड आजकालच्या चित्रांतून व मिरवणुकींतून दिसतो तो चित्रकाराच्या सोयीचा आहे. बिरुदाच्या शब्दांस तो धरून नाहीं.

आतां गरुडाच्या मूळाविषयींचें पहिलें उत्तर घेऊं. शिलाहार आपणांस जीमूतवाहन विद्याधराचे वंशज म्हणवितात. नागांच्या राजानें गरुडास रोज एक नाग भक्ष्य देण्याचें कबूल केलें होतें. शंखचूड नाग याची पाळी आली तेव्हां जीमूतवाहनानें त्याच्या जागीं वध्यशिलेवर स्वतःचा देह ठेवला. ही कथा कथासरित्सागरांत आहे आणि श्रीहर्षाच्या नागानंद नाटकामुळें ती सर्वांस ठाऊक आहे. शिळेवरचा आहार म्हणून शिलाहार, अशी नांवाची व्युत्पत्तिही यावरून सांगतात. तेव्हां गरुड हें या कथेंतूनच आलेलें कुलचिन्ह, असें या मताचें म्हणणें. वरवर पाहतां तें नीट जुळतें. पण कथेंत गरुड आहे कोण? तो वंशाच्या मूळपुरुषाचें मांस तोडणारा आहे. शेवटीं त्यास पश्चात्ताप होतो व तो सर्पभक्षण सोडतो हें कबूल. तथापि ज्याच्या चोंचीनें पूर्वज रक्तबंबाळ झाला तोच सोन्याचा करून दंडावर बसवावा, ही कल्पना कुलाभिमानाच्या नेहमींच्या रीतीशीं जुळत नाहीं. कथेवरूनच चिन्ह घ्यावयाचें तर वध्यशिला होती, रक्षिलेला नाग होता, विद्याधर स्वतः होता. यांपैकीं एकही न घेतां भक्षकच कां घेतला, याचें उत्तर या मताच्या पुरस्कर्त्यांस देतां येत नाहीं.

या मताच्या बाजूनें एक मुद्दा मात्र न्यायबुद्धीनें मांडला पाहिजे, कारण तो मोहक आहे. राष्ट्रकूटांच्या मुद्रांवरील गरुडाच्या हातांत बहुधा सर्प असतात. शिलाहारांच्या मुद्रांवरील गरुड हात जोडून बसलेला असतो. दक्षिण कोंकणच्या रट्टराजाच्या खारेपाटण ताम्रपटाची मुद्रा याचें ठळक उदाहरण आहे. सर्प टाकून हात जोडलेला गरुड हा जीमूतवाहनापुढें नमलेला, पश्चात्ताप पावलेला गरुड होय, असें म्हणण्याचा मोह कोणासही होईल. पण विष्णुमंदिरांत देवासमोर बसलेला गरुड सर्वत्र हात जोडूनच असतो. ती त्याची नित्याची बैठक आहे, आणि नित्याच्या बैठकीस विशेष अर्थ चिकटविण्यास स्वतंत्र पुरावा लागतो. तो कोणत्याही शिलाहार लेखांत मिळत नाहीं. प्रशस्तिकार जीमूतवाहनाची कथा सांगतात, बिरुदांत सुवर्णगरुडध्वजही सांगतात. पण एकामुळें दुसरें, असा संबंध ते जोडीत नाहींत. संस्कृत प्रशस्तिकारांस श्लेषाची आवड किती असते हें ज्यास ठाऊक आहे त्यास या मौनाचें महत्त्व पटेल. इतका आयता श्लेष त्यांनीं सोडला, यावरून त्यांच्या काळीं तो संबंध रूढ नव्हता असेंच अनुमान निघतें.

दुसरें उत्तर असें कीं, गरुड हा सार्वभौमाकडून आला. उत्तर कोंकणचे शिलाहार हे आरंभापासून राष्ट्रकूटांचे मांडलिक. कान्हेरीच्या लेण्यांतील पुल्लशक्ति व दुसरा कपर्दी यांच्या काळच्या लेखांत, ज्यांपैकीं दोन शके ७७३ व ७९९ चे आहेत, अमोघवर्षाचें सार्वभौमत्व स्पष्ट सांगितलें असून कोंकणचें राज्य त्याच्या प्रसादानें मिळालें, अशी भाषा आहे. मांडलिकाच्या राज्याच्या शासनावर सार्वभौमाचा गरुड असावा ही पद्धत त्याहूनही जुनी. समुद्रगुप्ताच्या प्रयाग येथील स्तंभलेखांत, अंकित राजे आपापल्या प्रदेशाच्या उपभोगासाठीं गरुडाच्या मुद्रेचीं शासनें मागतात, असा उल्लेख आहे. म्हणजे तेथें गरुड हा कोणा कुळाचा इतिहास सांगत नसून, हें राज्य कोणाच्या आज्ञेनें चालतें तें सांगतो. सौंदत्तीच्या रट्टांचें उदाहरण याच बाजूस पडतें. ते स्वतःस राष्ट्रकूटांचे वंशज म्हणवीत आणि त्यांचा ध्वज सुवर्णगरुडाचा होता.

या दुसऱ्या मताकडे आमचा कल आहे. परंतु त्यांतही एक अडचण आहे व ती झाकून ठेवणें योग्य नव्हे. राष्ट्रकूटांचा गरुड हें लांछन. शिलाहारांच्या बिरुदांत तो ध्वज आहे. सार्वभौमाचें लांछन मांडलिकाच्या ध्वजावर कसें चढलें? पालिध्वजाच्या दहा प्रकारांत गरुड आहे, त्यांतील एक मांडलिकास मिळाला असेल, असा तर्क करतां येतो आणि तो असंभाव्य नाहीं. पण तो तर्कच आहे, आणि तर्क म्हणूनच मांडावा.

आतां भादाणेंच्या पटाकडे परत येऊं, कारण या वादांत त्याचें विशेष महत्त्व आहे व तें सहसा कोणी ओळखलेलें नाहीं. इ. स. ९७३ मध्यें तैलप चालुक्यानें राष्ट्रकूट सत्ता बुडविली. त्यानंतर २४ वर्षांनीं अपराजित हा पट देतो. आणि पटाच्या आरंभीं तो राष्ट्रकूटांची वंशावळ शेवटच्या कक्कलापर्यंत देऊन रट्टांच्या राज्याचें आतां नांव मात्र उरलें, असा विषाद व्यक्त करतो. ज्यांची सत्ता उरली नाहीं, ज्यांच्याकडून भयही नाहीं आणि लाभही नाहीं, त्यांची वंशावळ तांब्यावर कोरण्याचें कारण काय? स्पष्टच आहे. नव्या चालुक्य सार्वभौमास मान न देण्याची ती एक रीत होती. वराहलांछन चालुक्यांचें नांव न घेतां गेलेल्या गरुडलांछन स्वामींचें नांव घेणाऱ्या राजानें जेव्हां सुवर्णगरुडध्वज मिरविला, तेव्हां त्या गरुडाचा अर्थ दीडशें वर्षांपूर्वींच्या कपर्दीच्या गरुडाहून निराळा झाला. कपर्दीच्या वेळीं तो आज्ञाधारकतेची खूण होता. अपराजिताच्या वेळीं तो स्वातंत्र्याची खूण झाला. पक्षी तोच, काठी तीच, बिरुदाचें अक्षरही बदललें नाहीं. बदललें तें त्याच्या सभोंवतालचें जग, आणि तें जग कळलें तें केवळ पटाच्या मजकुरावरून. नुसती मुद्रा हातीं आली असती तर यांतील कांहींही कळतें ना.

पुढची अवस्था अकराच वर्षांनीं दिसते. शके ९३० च्या खारेपाटण पटांत रट्टराजही राष्ट्रकूटांची वंशावळ देतो, परंतु स्वतः चालुक्य सत्याश्रयाचा मांडलिक असल्याचें कबूल करतो. आणि तरीही त्याची मुद्रा गरुडाचीच. कोल्हापूरचे शिलाहार तर कल्याणीच्या चालुक्यांशीं सोयरिकीनेंही बांधले गेले, तथापि गरुडाच्या जागीं वराह आला नाहीं. म्हणजे या सुमारास गरुड खरोखरच कुळाचा झाला होता. मूळ कोठलेंही असो, तीन शाखांनीं तो सार्वभौम बदलल्यावरही सोडला नाहीं. कुलचिन्हाचा अर्थ जन्मावरून ठरवूं पाहणारांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, येथें चिन्ह कुळाच्या जन्माबरोबर आलें नाहीं. वापरून वापरून तें कुळाचें झालें.

आणखी एक गुंतागुंत आहे. देवगिरीचे यादवही सुवर्णगरुडध्वज म्हणवीत. तेथें त्याचें कारण सरळ आहे. ते विष्णुवंशोद्भव व द्वारवतीपुरवराधीश्वर, गरुड हें विष्णूचें वाहन. शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर याचा यादव महादेवानें समुद्रावर नाश केला, असें हेमाद्रीच्या राजप्रशस्तीवरून दिसतें. एकसर येथील वीरगळांवर कोरलेली जहाजांची लढाई कांहीं विद्वान् याच प्रसंगाची मानतात. तिकडे कोणाचा ध्वज कोणता, हें गरुडावरून ओळखूं पाहणारा निरीक्षक फसला असता, कारण बिरुदांप्रमाणें दोन्ही पक्ष सुवर्णगरुडाचेच.

लोनाडच्या परिसरांतील व एकंदर कोंकणांतील दानशिळांवर दिसणारे चंद्रसूर्य आणि त्याखालील गाढवाचें अश्लील शिल्प यांनाही हौशी लेखकांनीं अधूनमधून 'राजचिन्ह' ठरविलें आहे. त्याविषयीं फार लिहावयास नको. चंद्रसूर्य म्हणजे दानाची मुदत, आणि गाढव म्हणजे तें मोडणारास शिवी. असल्या शिळांवर लेख असो वा नसो, कोणत्याही घराण्याचा तेथें संबंध नाहीं.

चिन्ह दिसलें कीं त्यांत कुळाची कथा शोधावयाची ही खोड आमच्या अंगीं इतकी कां मुरली, याचें एक ऐतिहासिक कारण दाखवितां येतें. १ जानेवारी १८७७ रोजीं लॉर्ड लिटननें दिल्लीस जो दरबार भरविला त्यासाठीं सुमारें नव्वद संस्थानिकांस युरोपीय पद्धतीचीं चिन्हें तयार करून देण्यांत आलीं. हें काम बंगालच्या मुलकी सेवेंतील रॉबर्ट टेलर यांनीं केलें व पुढें 'प्रिन्सली आर्मरी' या नांवानें तीं चिन्हें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. घराण्याची पुराणकथा, कुलदैवत, इतिहासांतील एखादा प्रसंग, प्रदेशांतील डोंगर किंवा नदी, अशा सामग्रींतून टेलर यांनीं ढाली सजविल्या. रेशमी निशाणें व जड पितळी दांडे करविले, आणि तीं दरबारांत एकेका संस्थानिकास अर्पण झालीं. कारागिरी म्हणून तें काम वाईट नाहीं. दोष आहे तो वाचणारांचा. त्या ढाली पुढें राजवाड्यांच्या कमानींवर, टांकाच्या कागदांवर व शाळांच्या दारांवर बसल्या. दोन पिढ्यांत त्या प्राचीन वाटूं लागल्या. आणि आजचा लेखक त्यांतील सूर्य, सर्प वा हत्ती यांवरून घराण्याच्या पूर्वपीठिकेविषयीं अनुमानें काढतो. टेलर यांनीं जी कथा चित्रांत घातली तीच चित्रांतून बाहेर काढून पुरावा म्हणून दाखविण्याचा हा प्रकार आहे.

मराठी दफ्तरें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांना आमची जुनी रीत माहीत आहे. निशाण, नौबत, मोर्चेल, जरीपटका या मिळावयाच्या, चालवावयाच्या आणि काढून घ्यावयाच्या गोष्टी होत्या. इ. स. १७९२ मध्यें महादजी शिंद्यांनीं पुण्यास सवाई माधवरावांस वकील-इ-मुतलकीचें फर्मान व त्याबरोबरचीं बादशाही मानचिन्हें अर्पण केलीं. त्यांत माहीमरातब होता. माही म्हणजे मासा. टेलर यांच्या पद्धतीनें अर्थ लावणारा पंडित येथें सहज म्हणेल कीं, पेशवे मूळचे श्रीवर्धनचे, समुद्रकांठचे, म्हणून त्यांच्या मानांत मासा आला.

भिवंडीचें नांव ध्वजाच्या संबंधांत अलीकडे पुन्हां ऐकूं येतें तें आरमारामुळें. १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली, आणि ऑगस्ट १६५९ मधील पोर्तुगीज गव्हर्नराच्या पत्रांत शहाजीच्या मुलानें भिवंडी, कल्याण व पनवेल येथें लढाऊ गलबतें बांधल्याची तक्रार आहे. मराठी आरमाराच्या आरंभाचा हा समकालीन व शत्रुपक्षाकडील, म्हणून अधिकच विश्वसनीय, पुरावा. २ सप्टेंबर २०२२ रोजीं भारतीय नौदलानें सेंट जॉर्जचा क्रूस काढून नवें निशाण स्वीकारलें; त्यांतील निळा अष्टकोन महाराजांच्या मुद्रेवरून घेतला आहे. नव्या राज्यानें जुन्या मुद्रेचा आदर करावा यांत वावगें कांहींच नाहीं. महाराष्ट्र राज्याच्या मुद्रेवरील संस्कृत लेखही त्याच मुद्रेच्या लेखांत राज्याचें नांव घालून केलेला आहे. परंतु महाराजांचा अष्टकोनी शिक्का कागदाच्या माथ्यावर उठविण्यासाठीं होता, डोलकाठीवर चढविण्यासाठीं नव्हे. शिक्का मजकुराची खात्री पटवितो; निशाण दुरून धनी ओळखवितें. या दोहोंचीं कामें निराळीं, म्हणून त्यांचे आकारही निराळे. भिवंडीच्या खाडींत बांधलेल्या गलबतांवर अष्टकोनी निशाण फडकत होतें असें चित्र कोणी आतांच काढूं लागलें तर तें २०२२ चें चित्र आहे, १६५९ चें नव्हे, एवढी नोंद त्याखालीं असावी.

ही सर्व चर्चा संग्राहकांसमोर मांडण्याचें कारण व्यवहारांतलें आहे. ताम्रपटाचे पत्रे ज्या कड्यांत ओंवलेले असतात त्याचीं दोन्हीं टोंकें मुद्रेच्या बुडांत पक्कीं बसविलेलीं असतात. कडें अखंड असेल तरच मुद्रा त्याच पत्र्यांची हें सिद्ध होतें. म्हणून जुने संपादक पट हातीं येतांच, कडें आधीं कापलें होतें कीं नव्हतें, हें पहिल्या परिच्छेदांत नोंदवीत. बाजारांत मात्र पत्रे एकीकडे व मुद्रा एकीकडे अशी विक्री होते, कारण चित्राची मुद्रा वाचतां न येणारासही आवडते. सुटी गरुडमुद्रा राष्ट्रकूटांची, शिलाहारांची किंवा यादवांची असूं शकते; माळव्याचे परमारही आपल्या ताम्रपटांवर गरुडच कोरीत. मराठी कागदांच्या बाबतींत माथ्याचा शिक्का व शेवटचा मोर्तब कात्रीनें कापून वहींत चिकटविलेले संग्रह अद्याप आढळतात. ज्यांच्याजवळ अशी सुटी मुद्रा असेल त्यांनीं ती घांसून उजळूं नये. वजन, कड्याच्या कापाची जागा, आंतील गंजाचा रंग आणि ती कोणत्या गांवाहून आली तें लिहून ठेवावें, आणि भिवंडी-शहापूर बाजूस जे बिनमुद्रेचे पत्रे लोकांच्या देवघरांत आहेत त्यांच्या भोंकांशीं कड्याची जाडी ताडून पाहावी.